जनसुनावणीत सुनावतं कोण?

मराठी बातम्यांत 'जनसुनवाई' ऐकलं की टीव्ही उचलून ठाण्याच्या तलावपाळीवर न्यावा आणि बुडवावा असं वाटतं. पण तिथल्या मासुंदा तलावात आधीच काय कमी पडतंय!

नेरूळच्या एका वाचकाचा प्रश्न असा: पाणथळ जागांच्या सरकारी जाहिरातीत 'हरकती व सूचना' मागवतात, प्रकल्प आला की 'जनसुनावणी' घेतात. फरक काय, आणि 'सुनवाई' चालेल का?

चालणार नाही. हिंदीत 'सुनना' आहे, म्हणून त्यांची सुनवाई होते. आजच्या मराठीत 'सुनणे' नाहीच. आपण ऐकतो, आणि या 'ऐकणे'त संस्कृतातलं आकर्णन, म्हणजे चक्क कान आहे. आपल्याकडे आहे ते 'सुनावणे', म्हणजे दुसऱ्याच्या कानी घालणे. चार शब्द सुनावणे, शिक्षा सुनावणे. बजावणेवरून बजावणी, पाठवणेवरून पाठवणी, तशी सुनावणेवरून सुनावणी. म्हणजे जनसुनावणी ही जनांनी केलेली सुनावणी. सुनावणार लोक, ऐकणार सरकार.

माझे एक व्याकरणवाले स्नेही म्हणतात, ही ओढाताण आहे, कोर्टात न्यायाधीश ऐकतात त्यालाच सुनावणी म्हणतात. अहो, कोर्टातही तोंड वकिलाचंच चालतं ना? न्यायाधीश सुनावतात तो निकाल.

मागे खाडीलगतच्या एका प्रकल्पाच्या सुनावणीला गेलो होतो. पाऊण तास पडद्यावर नकाशे आणि तक्ते. मग माईक मिळाला तेव्हा एक कोळी आजोबा एवढंच म्हणाले, "मावरा नाय भेटत आता." मावरा म्हणजे मासळी. निवट्यांबद्दल, म्हणजे चिखलातल्या माशांबद्दल, पुढे काही सांगणार, तोच मंचावरून "मुद्द्याचं बोला". त्या दिवशी सुनावलं कुणी, ते उघड आहे.

कायदा मात्र माझ्या बाजूने आहे. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो, तीस दिवस आधी नोटीस लागते, आणि गणपूर्तीची अट नसते. चार माणसं आली तरी सुनावणी झाली! पण खरी गंमत शेवटी. लोक जे बोलले त्याचा गोषवारा त्यांनाच, स्थानिक भाषेत, तिथेच वाचून दाखवायचा असतो. म्हणजे आधी लोकांनी सुनावायचं, मग त्यांचंच त्यांना सुनावून खात्री करायची. सुनावणीची ही दुसरी फेरी बहुतेक लोक खुर्च्या आवरायच्या गडबडीत सोडून जातात. थांबत चला.

आणि आता माझा लाडका शब्द. हिंदीच्या कोशात 'सुनावनी' आहे. अर्थ: परगावी वारलेल्या नातेवाइकाची बातमी येणे, आणि ती आल्यावर करायचं स्नान. काही पाणथळ जागांची सुनावनी मी वर्तमानपत्रात वाचली आहे, भरावाच्या फोटोसकट. स्नानाला पाणी शिल्लक नव्हतं.

हां, 'हरकत' राहिलीच. अरबीत हरकत म्हणजे हालचाल, मराठीत अडथळा. हरकत लेखी द्यायची, सुनावणीत तोंडाने बोलायचं; पण सुनावणीच्या दिवशीही हातात लेखी प्रत असू द्या, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.