मुलाला कोचने फॉरवर्डवरून काढून स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला डिफेंडर, केलंय. डिफेंडर म्हणून फुटबॉलमध्ये करिअर होतं का?

होतं. मुलगा १५ वर्षांचा आहे, म्हणजे उशीरही झालेला नाही. पण तुम्ही पुढे विचारलंय, "ज्याला जमत नाही त्याला मागे उभं करतात, तसंच याचं झालं का?" त्यासाठी हे लिहितोय. पुण्यात कितीतरी शाळांच्या संघांत हीच रीत आहे: चपळ पोरं पुढे, जाड आणि सावकाश पोरं मागे. ही रीत साफ चुकीची आहे.

गोलकिकवर (आपल्या गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करायची किक) बॉल पेनल्टी एरियाबाहेर, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाबाहेर, जायलाच हवा, ही अट २०१९ मध्ये गेली. आता स्टॉपर स्वतःच्या गोलसमोर, फॉरवर्ड अंगावर धावून येत असताना बॉल घेतो आणि तिथून चाल सुरू करतो. ज्याचा पहिला टच, म्हणजे आलेला बॉल पायाशी घेणं, कच्चा, त्याला तिथे उभं करणं म्हणजे समोरच्याला गोल बहाल करणं. तुमच्या कोचने विचार करून मुलाला मागे नेलं असेल, तर तो विश्वास आहे.

माझ्या हाताखालचा एक मुलगा एका क्लबच्या ट्रायलला गेला होता. अख्ख्या डावात त्याने स्लाइड मारली नाही, म्हणजे जमिनीवर घसरून बॉल हिसकावला नाही. विंगर (कडेने चाल करणारा खेळाडू) बॉल घेऊन आला की हा जोरात धावत जायचा, शेवटच्या तीन-चार मीटरांत पावलं बारीक करायचा, कारण पूर्ण वेगात पोचलं की विंगर नुसती कट मारून निघून जातो. मग हातभर-दीड हात अंतर ठेवून आडवा उभा, गुडघे वाकलेले, नजर बॉलवर, त्याच्या पायांवर नाही. आतली बाजू बंद, टचलाइनची, म्हणजे मैदानाच्या कडेची, उघडी. विंगरला कडेने ढकलत न्यायचं आणि बॉल त्याच्या पायापासून जरा सुटला की पायाचं टोक मारून तो काढायचा. विंगर बहुतेक वेळा वैतागून मागे पास द्यायचा. निवड झाली दुसऱ्याची, जो तीनदा घसरून पडला आणि त्यातल्या दोनदा फ्री-किक देऊन बसला. "जिगर दिसली," असं कारण मिळालं.

हाच वाद मी इथल्या कोचमंडळींशी घालत आलोय. स्लाइड हा शेवटचा उपाय आहे. चुकली तर तुम्ही जमिनीवर आणि बॉल पुढे. पेनल्टी एरियात गोलची स्पष्ट संधी फाउलने अडवताना बॉलसाठी प्रामाणिक प्रयत्न केला, तर २०१६ पासून पेनल्टी आणि यलो कार्ड. शर्ट ओढला तर आजही रेड. जागा नीट पकडलेल्या डिफेंडरचे कपडे बऱ्याचदा कोरडेच राहतात, आणि ट्रायलला बसलेल्यांना ते दिसत नाही.

उंचीचं विचारलंत. स्टॉपरला उंची उपयोगी पडते, पण इटलीचा स्टॉपर फाबिओ कान्नाव्हारो जेमतेम पाच फूट नऊ इंच. २००६ चा वर्ल्डकप त्याने कर्णधार म्हणून जिंकला आणि त्याच वर्षी बॅलन डोर हा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही घेतला. उडी वेळेवर मारणं आणि मारण्याआधी फॉरवर्ड कुठे आहे हे खांद्यावरून बघून ठेवणं, हे शिकवता येतं. बॉलवाल्यावर दाब नाही आणि त्याची मान वर आहे, तर डिफेंडरांच्या अख्ख्या लाइनने मागे सरायचं. त्याने मागे पास दिला की वर यायचं. गोलकीपरला पास देताना तो गोलच्या चौकटीबाहेर द्यायचा, म्हणजे हुकला तरी कॉर्नरवर निभावतं. हे अंगवळणी पडायला वर्षं लागतात, म्हणून डिफेंडर उशिरा पिकतो आणि जास्त टिकतो. बालेवाडीत पुणे एफसीकडून खेळलेल्या स्टॉपर अनस एडथोडिकाने भारताकडून पहिला सामना मार्च २०१७ मध्ये खेळला, वयाच्या तिसाव्या वर्षी. इटलीचा डिफेंडर मालदिनी मिलान क्लबकडून २००९ पर्यंत, चाळिशीपर्यंत खेळला.

आता अडचणी. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी हा वेगळा क्लब बंद पडल्यापासून इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) पुण्याचा संघ नाही, त्यामुळे पुढे जायचं तर शहर सोडावं लागेल. बारावी सोडू नये. हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) आणि गुडघा ही या जागेची दुखणी. आठवड्यातून दोनदा नॉर्डिक कर्ल (घोटे धरून ठेवून, गुडघ्यांवरून हळूहळू पुढे झुकायचा व्यायाम) आणि प्रत्येक सरावाआधी फिफा ११+ हा इजा टाळण्यासाठीचा २० मिनिटांचा वॉर्म-अप करून घ्या. जन्मदाखल्यावरचं वय खरंच असू द्या, वय तपासायला मनगटाचा एक्स-रे काढतात.

आणि ट्रायलला जाताना त्याला सांगा: आधी गोलकीपरचं आणि शेजारच्या स्टॉपरचं नाव विचारून घे आणि खेळताना नावाने मोठ्याने हाका मार. पहिला बॉल, तो येतो त्या बाजूपासून लांबच्या पायावर घे आणि पुढे पास दे. क्लबला व्हिडिओ पाठवायचा असेल तर टॅकल कापून जोडलेले तुकडे नकोत. उंचावरून घेतलेला, दोन्ही संघांच्या डिफेंडरांच्या लाइन दिसतील असा पूर्ण सामना पाठवा, ज्यात बॉल दुसरीकडे असतानाही तुमचा मुलगा कुठे उभा आहे ते दिसेल.