पोर्थगाइनच्या बंदरातल्या उंच विटांच्या भिंती किल्ल्याच्या आहेत का?

नाही, तो किल्ला नाही. त्या भिंती खडीच्या कोठारांच्या आहेत. वेल्सच्या पेम्ब्रोकशर किनाऱ्यावरच्या या गावी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही ते बुरूजच वाटले होते.

गाव उभं राहिलं ते मात्र पाटीच्या दगडावर. आपण लहानपणी ज्या पाटीवर गिरवायचो, तोच दगड. छिन्नी लावली की त्याचे पापुद्रे सुटतात आणि तिकडे ते कौलांसारखे छपरावर घालतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथल्या कड्यांत खाणी सुरू झाल्या. शेजारच्या अबेरैदीलाही खाण होती, पण तिथला किनारा उघडा, जहाज लावायची सोय नाही. म्हणून रूळ टाकले आणि तिथला माल पोर्थगाइनला आणू लागले. वेल्श भाषेत 'पोर्थ' म्हणजे बंदरच.

उत्तर वेल्सच्या पाटीपुढे इथल्या मालाचा निभाव लागणं कठीण होतं. पण गाव हातपाय गाळून बसलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. खाणीत पडलेला चुरा दळून त्याच्या विटा पाडल्या. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कड्यावरचा टणक काळा दगड फोडून रस्त्यांसाठी खडी करू लागले. वर फोडलेली खडी आकारानुसार चाळून या कोठारांत साठवायची, आणि जहाज धक्क्याला लागलं की घसरणीवरून थेट त्यात सोडायची. कोठारं कड्याला टेकून बांधली आहेत ती त्यासाठीच.

1931 मध्ये हे सगळं थांबलं. पण घरं आणि बंदर खाणी चालवणाऱ्या कंपनीच्याच मालकीचं राहिलं. शेवटी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गावकऱ्यांनी एकत्र येऊन ते विकत घेतलं. नाहीतर ती घरं कोणाच्या हाती गेली असती, या विचाराने आजही माझ्या पोटात गोळा येतो.

तुम्ही जाणार असाल तर गाडी अबेरैदीला ठेवा आणि कड्यावरच्या वाटेने चालत जा, अंतर साधारण तीन किलोमीटर आहे. अबेरैदीची खाण आता समुद्राच्या पाण्याने भरली आहे. ती सुमारे 25 मीटर खोल असून पाणी गडद हिरवं-निळं दिसतं. जवळच खाणकामगारांच्या चाळीच्या पडक्या भिंती आहेत, तिथे थोडं थांबा. मग पुढे चालत राहिलात की कोठारं आधी वरून दिसतील, आणि खडी वरून कशी ओतत असतील ते न सांगता कळेल.