ॲक्सेसिबिलिटी प्लगइन टाकलं म्हणजे युरोपचा कायदा पाळला, असं होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: चौदा जणांची कंपनी, ऑनलाइन दुकानातून युरोपीय संघातल्या ग्राहकांना थेट विक्री, आणि एजन्सीने साइटच्या कोपऱ्यात एक ॲक्सेसिबिलिटी प्लगइन (अपंग व्यक्तींना साइट वापरता यावी म्हणून वरून जोडलेलं सॉफ्टवेअर) बसवून 'कायद्याचं काम झालं' असं सांगितलंय. नाही झालं. प्लगइन अक्षरं मोठी करतं, रंग बदलतं, पण फोटोत काय आहे किंवा कोणतं लेबल कोणत्या चौकटीचं आहे, हे त्याला खात्रीने कळत नाही. ज्याला दिसत नाही त्याच्याकडे स्वतःचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, असतोच. प्लगइनचा थर बऱ्याचदा त्याच्याच कामात लुडबुड करतो. 'आमच्यामुळे कुठलीही साइट मानकांत बसते' असा दावा करणाऱ्या एका प्लगइन कंपनीवर २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि तिला १० लाख डॉलर भरावे लागले.

आता कायदा. निर्देश २०१९/८८२ म्हणजेच युरोपियन ॲक्सेसिबिलिटी ॲक्ट २८ जून २०२५ पासून लागू आहे आणि ग्राहकांना होणारी ऑनलाइन विक्री त्यात स्पष्टपणे येते. सूक्ष्म उद्योगांना सेवांपुरती सूट आहे, पण ती वाचताना लोक हमखास चुकतात. माणसं दहापेक्षा कमी हवीत, *आणि* वार्षिक उलाढाल किंवा ताळेबंद २० लाख युरोच्या आत हवा. तुम्ही चौदा जण आहात, म्हणजे उलाढाल कितीही लहान असली तरी सूट नाही. दंड प्रत्येक देश आपापला ठरवतो. जर्मनीत तो १ लाख युरोपर्यंत जाऊ शकतो.

तांत्रिक मोजमाप ईएन ३०१ ५४९ या युरोपीय मानकावर होतं, आणि त्यातला वेबचा भाग म्हणजे डब्ल्यूसीएजी (वेब सुलभतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं) २.१ चे ए आणि डबल-ए स्तर, एकूण ५० निकष. आत्ता काम काढताच आहात तर थेट २.२ धरा. एकाच ऑर्डरमध्ये तोच पत्ता दोनदा टाइप करायला लावायचा नाही, बटण किमान २४ बाय २४ पिक्सेल असावं, अशा दुकानाच्या कामाच्या गोष्टी त्यात आहेत.

सुरुवात ऑडिट रिपोर्टपासून करू नका. माउस बाजूला ठेवा आणि टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस, ॲरो आणि एस्केप एवढ्याच कळांवर उत्पादन शोधण्यापासून ऑर्डर पक्की होईपर्यंत जा. जिथे अडाल ते लिहून ठेवा. बहुतेक दुकानांत अडायच्या जागा त्याच असतात. मेनू फक्त माउस वर नेल्यावर उघडतो. थीमने फोकसची चौकट (कळफलकाने आत्ता कुठे आहोत ते दाखवणारी कड) 'दिसायला बरी नाही' म्हणून काढून टाकलेली असते, त्यामुळे आपण कुठे आहोत तेच कळत नाही. साइज आणि रंगाचे चौकोन साध्या 'डिव्ह'चे (एचटीएमएलमधला नुसता डबा, बटण नव्हे) असतात, टॅब त्यांना ओलांडून जातो. तिथे रेडिओ बटणांचा गट हवा आणि प्रत्येक रंगाचं नाव शब्दांत हवं. कार्टचा बाजूचा पडदा उघडतो पण फोकस मागच्या पानावरच फिरत राहतो. त्यासाठी 'डायलॉग' एलिमेंट 'शो मोडल'ने उघडा, आणि बंद झाल्यावर फोकस मूळ बटणावर परत येतो का ते तपासा.

मग हीच फेरी विंडोजवर एनव्हीडीए (फुकट आहे) आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर हे स्क्रीन रीडर लावून करा. 'कार्टमध्ये टाका' दाबल्यावर बहुतेक ठिकाणी शांतता. वर कोपऱ्यात १ चा आकडा उमटला, पण ऐकणाऱ्याला पत्ता नाही. कोडमध्ये रोल 'स्टेटस' असलेला (आत आलेला मजकूर स्क्रीन रीडर आपणहून बोलतो असा) रिकामा डबा पान उघडतानाच तयार ठेवा आणि नंतर त्यात मजकूर भरा. डबा आणि मजकूर एकदम टाकले तर अनेक स्क्रीन रीडर काहीच बोलत नाहीत. हा दोष शोधण्यात लोकांचे दिवस जातात. काट मारलेली जुनी किंमत आणि नवी किंमत पाठोपाठ दोन आकडे म्हणून ऐकू येतात. आधी 'मूळ किंमत', 'आताची किंमत' असे शब्द द्या, हवं तर फक्त स्क्रीन रीडरला मिळतील असे. फोटोंच्या ऑल्टमध्ये (फोटोऐवजी वाचलं जाणारं वर्णन) पाचही वेळा उत्पादनाचं नाव नको, त्या फोटोत वेगळं काय दिसतं ते लिहा: 'मागची बाजू, चेन उघडी'.

चेकआउटला सगळ्यात जास्त वेळ द्या. प्लेसहोल्डर, म्हणजे रिकाम्या चौकटीतला फिका मजकूर, हे लेबल नव्हे. टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं. चूक फक्त लाल कडेने दाखवू नका. 'पिन कोडमध्ये पाच अंक हवेत' असं शब्दांत, त्या चौकटीला कोडमधल्या 'एरिया-डिस्क्राइब्डबाय'ने जोडून सांगा, आणि फॉर्म अडला की फोकस पहिल्या चुकीवर न्या. पैसे भरण्याआधी सगळं तपासून बदलता येईल असं पान हवं. पेमेंटची चौकट बाहेरच्या कंपनीची असली तरी हात झटकता येत नाहीत: ओळख, सुरक्षा आणि पेमेंट या तिन्ही गोष्टी कायद्याने ई-कॉमर्सच्या यादीत नावानिशी घातल्या आहेत. त्या कंपनीकडून ईएन ३०१ ५४९ चा अहवाल मागा आणि तरीही स्वतः कळफलकावर तपासा.

डिझायनरशी वाद होतो तो फिक्या करड्या रंगावरून. पांढऱ्यावर #९९९९९९ (करड्या रंगाचा कोड) चं कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीतल्या उजेडाचं गुणोत्तर, जेमतेम २.८५ भरतं, साध्या मजकुराला ४.५ लागतं. #७६७६७६ पास होतो, #७७७७७७ थोडक्यात नापास. १२८० पिक्सेलच्या खिडकीत ४०० टक्के झूमही करून बघा: चिकटलेला हेडर, कुपनची पट्टी आणि चॅटचा बुडबुडा मिळून अर्धा पडदा खातात.

कागदपत्रांत दोन गोष्टी राहून जातात. एक, दुकान निकष कसे पाळतं याचं वर्णन अटी-शर्तींत किंवा तत्सम ठिकाणी द्यावं लागतं. दुसरी, उत्पादकाने वस्तूच्या सुलभतेची माहिती दिली असेल तर ती उत्पादनाच्या पानावर यायला हवी. 'अवाजवी बोजा' म्हणून काही टाळायचं असेल तर लेखी मूल्यमापन करून ते पाच वर्षं जपावं लागतं. वेळ नव्हता, माहीत नव्हतं ही कारणं चालत नाहीत. २८ जून २०२५ पूर्वी टाकलेले व्हिडिओ आणि ऑफिस फाइली मात्र वगळलेल्या आहेत, त्यांच्यामागे आत्ता लागू नका.

एजन्सीला 'लाइटहाउसमध्ये (गुगलचं स्वयंचलित तपासणीचं साधन) १०० आले' हे उत्तर म्हणून देऊ नका म्हणावं. स्वयंचलित तपासणीला दोषांचा एक भागच दिसतो. पानवार यादी मागा: कोणता निकष, कुठे मोडतो, कोण कधी दुरुस्त करणार. आणि थीमचं प्रत्येक अपडेट आलं की कळफलकाची ती फेरी पुन्हा मारा, कारण परत आणलेली फोकसची चौकट पहिल्यांदा तिथेच पुन्हा गायब होते.