एक इंजिन चालू असतानाही दोन इंजिनांचे लहान विमान का कोसळते?

मुख्य कारण इंजिन बंद पडणे हे नसून, त्यानंतर वेग घसरून विमान वैमानिकाच्या ताब्याबाहेर जाणे हे आहे. उड्डाणानंतर लगेच एका पंखावरचे इंजिन बंद पडले की दुसऱ्याचा जोर विमानाला बंद बाजूकडे वळवतो. शेपटीवरच्या रडरने (डावी-उजवीकडे वळणाऱ्या उभ्या फळीने) ते आवरता येते, पण वेगमापकावर लाल रेषेने दाखवलेल्या किमान नियंत्रण वेगाखाली रडर अपुरा पडतो आणि विमान त्या बाजूला कलंडते. शिवाय शक्ती निम्मी झाली तरी वर चढण्याची क्षमता साधारण ८० टक्क्यांनी घटते, कारण बरीचशी शक्ती विमान नुसते हवेत टिकवण्यातच खर्ची पडते. बंद प्रोपेलरची पाती वाऱ्याला समांतर केली नाहीत, तर उरलेली क्षमताही संपू शकते. आपला कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने मे महिन्याच्या दुपारी विरळ हवेचा तोटा आणखी वाढतो. अर्थात हे विशेषतः पिस्टन इंजिनांच्या विमानांना लागू आहे. टर्बोप्रॉपमध्ये, म्हणजे टर्बाइनने प्रोपेलर फिरवणाऱ्या विमानांत, शक्ती अधिक असते, आणि इंधन संपणे किंवा खराब हवामान यांमुळे होणारे अपघात वेगळेच.