गरवताना गळ हातात रुतला तर घरच्या घरी कसा काढायचा?

तुम्ही विचारलंय की अकरा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, नेताय, गळ लागला तर काय करायचं आणि त्याच्यासाठी कुठल्या नंबरचा घ्यायचा. नंबराचं शेवटी बघू. आधी एक सांगतो आणि ते अगदी पक्कं डोक्यात ठेवा: रुतलेला गळ पकडीत धरून आला तसा मागे ओढायचा नाही. माझ्या वडिलांचा उजवा अंगठा त्यात गेला. तुटला नाही, पण गेलाच.

2009 चा जुलै. 22 तारखेला सकाळी सूर्यग्रहण होतं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार होता. यांत्रिक बोटींची बंदी चालू, बाजारात ताजा मासा नाही, आणि श्रावणाआधीचं शेवटचं माशाचं जेवण घरचं व्हावं म्हणून आम्ही तिघं ग्रहणाच्या आदल्या दिवशी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीवर गेलो. बाबा, दादा आणि मी. अमावास्येचं उधाण, पाणी चढत होतं, पाऊस भुरभुर. बाबांनी एकाच तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याला, दोन गळ बांधले होते, हातभर अंतराने, दोन्हीला कोळंबी. सगळेच तसं करायचे.

खालच्या गळाला तांबोशी लागली. चांगली दीड किलोची असेल. बाबांनी ती वर घेतली, डाव्या हाताने डोक्यामागे धरली आणि उजव्या हाताने तोंडातला गळ सोडवायला गेले. तांबोशी एकदा अशी उसळली की वरचा मोकळा गळ थेट त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी, त्या फुगीर मांसात बसला. मासा हातातून सुटला आणि लोंबकळायला लागला. तो जितका धडपडे तितका गळ आत जाई. बाबा ओरडले नाहीत, फक्त खाली बसले.

त्या वेळी पहिलं काम एकच होतं: मासा आणि हात यांच्यामधला तंगूस कापणं. कातर माझ्या खिशात होती. मला सुचलं नाही. मी बाबांचं मनगट धरून बसलो, दादाने पकड आणली. दोनदा ओढून निघाला नाही, तिसऱ्यांदा निघाला. गळाच्या उलट्या काट्याला, म्हणजे टोकाजवळ मागे वळलेल्या अणकुचीला, तांदळाच्या दाण्याएवढा पांढुरका मांसाचा तुकडा लटकत होता. तो मला आजही दिसतो. मग जखमेवर हळद दाबली, पंच्याची पट्टी फाडून घट्ट बांधली आणि भरती उतरेपर्यंत आणखी तासभर गरवत राहिलो. बाबांनीच उठू दिलं नाही.

रात्री तांबोशीचं कालवण झालं. सकाळी अंगठा सुजला होता, पण ग्रहण होतं, घरातून कुणी बाहेर पडेना. दुसऱ्या दिवशी ताप भरला, सूज मनगटापर्यंत आली, तेव्हा दवाखान्यात नेलं. शस्त्रक्रिया करून पू काढावा लागला. आत कोळंबीच्या सालाचा कण निघाला. अकरा दिवस दाखल होते. अंगठा वाचला, पण वरचा सांधा पुन्हा वाकला नाही. शर्टाची गुंडी आई लावून द्यायची आणि गळाची गाठ मी मारून द्यायचो. 2018 मध्ये बाबा गेले, तोपर्यंत नऊ वर्षं त्यांची प्रत्येक गाठ मी मारली.

दादाचं म्हणणं तेव्हाही एक होतं आणि आजही तेच आहे: "गळ तर मी काढला ना? हात गेला तो साखरेने." बाबांना बारा वर्षं मधुमेह होता, ते खरं. पण म्हणूनच तर तिथे हात लावायचा नव्हता! खाडीच्या मचूळ, कोमट पाण्यात व्हिब्रिओसारखे जंतू असतात. ज्याला साखर आहे किंवा ज्याचं लिव्हर बिघडलेलं आहे त्याच्या जखमेत ते बघता बघता पसरतात. अशा माणसाला गळ लागला तर तो आहे तसा ठेवायचा, हलू नये म्हणून भोवती कापड लावायचं आणि तासाभरात डॉक्टरकडे न्यायचं. रुतलेल्या गळाने माणूस मरत नाही. घाईने ओढलेल्या गळाचं मी पाहिलंय.

आता धडधाकट माणूस, एकाच टोकाचा गळ, बोटात किंवा दंडावर फार खोल न गेलेला, आणि दवाखाना लांब, एवढं सगळं असेल तर दोरीची एक रीत आहे. तंगूस किंवा मजबूत दोरा दुहेरी घ्यायचा, त्याचा फास गळाच्या वाकात अडकवायचा आणि दोऱ्याचं दुसरं टोक आपल्या हाताला दोन-तीन वेढे देऊन धरायचं. दुसऱ्या हाताच्या बोटाने गळाची दांडी, म्हणजे गाठ मारायचं भोक असतं त्या बाजूची, कातडीकडे दाबून ठेवायची. या दाबानेच उलटा काटा आतल्या मांसातून सुटा होतो, सगळी किल्ली इथे आहे. दांडी दाबलेली असतानाच दोरा कातडीला समांतर, दांडीच्या दिशेने, एकाच सपाट्यात ओढायचा. वर उचलायचा नाही, हळूहळू नाही, अर्ध्यावर थांबायचं नाही. गळ गोळीसारखा उडतो, म्हणून समोर कुणी उभं राहायचं नाही. मी हे चार वेळा केलंय, एकदा स्वतःच्या पोटरीवर. दर वेळी माणूस विचारतो, "निघाला?"

दादा याला मोबाईलवरचं फॅड म्हणतो. ही रीत 1961 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. आम्हा दोघांच्या जन्माआधीची आहे.

टोक पुढे ढकलून दुसरीकडून बाहेर काढायचं, काटा कापायचा आणि मग गळ मागे घ्यायचा, हा जुना उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेलच. उपाय चुकीचा नाही, पण तो भूल देऊन डॉक्टरने करायचा. खाडीवर, मुलाच्या हातावर, अजिबात नाही.

जखम खाडीच्या पाण्याने धुवायची नाही. साबण आणि पिण्याचं वाहतं पाणी, पाच मिनिटं. हळद, कॉफी, तंबाखू काही भरायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. अशा घाणेरड्या जखमेला शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षं किंवा त्याहून जुनं असेल तर पुन्हा घ्यायचं.

पण खरं सांगायचं तर हे सगळं न करावं लागण्याचा उपाय पकडीच्या एका दाबात आहे. गळाचा उलटा काटा चेपून टाका. घरीच, निघायच्या आधी, एकेक गळ. मग जुन्या रुमालात टोचून बघा: कापड न ओढता सुटला तर झालं, अडकला तर परत चेपा. असा गळ हातात गेला तर ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने अलगद मागे येतो.

यावरून दादाचं आणि माझं पंधरा वर्षं वाजतंय. तो म्हणतो काटा चेपला की मासा सुटतो. मासा ढिल्या दोरीने सुटतो! दोर ताणलेला ठेवा, काठी खाली पडू देऊ नका, कुठे जात नाही. 2009 नंतर मी एकही अख्ख्या काट्याचा गळ पाण्यात टाकलेला नाही. तांबोशा घेतल्या, जिताडे घेतले. काही सुटलेही असतील, ते दादाचेही सुटतात. उलट्या काट्याशिवाय मासा धरता येत नसेल तर दोर सांभाळायला शिकायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे.

मुलाबरोबर असताना आणखी एक बघा, कारण लहान मुलं नेमकी तिथेच फसतात. गळ खडकात अडकला की मूल तोंड त्याच दिशेला ठेवून जोर लावतं. सुटला तर वजनाचं शिसं आणि गळ सरळ चेहऱ्यावर येतात. पाठ फिरवायची, तंगूस लाकडाला गुंडाळायचा आणि चालत लांब जायचं. साधा का होईना, चष्मा घालूनच न्या. फेकण्याआधी मागे बघायची सवय पहिल्याच दिवशी लावा.

हेही लिहायला हवं: दोरीची रीत डोळ्याजवळ, चेहऱ्यावर, मानेवर, सांध्यापाशी किंवा कानाच्या पाळीसारख्या लोंबत्या भागावर करायची नाही. डोळ्यात गेला तर बोटही लावू नका. वर कागदी पेला उलटा ठेवून चिकटपट्टीने बसवा, दाब येऊ देऊ नका, आणि थेट डोळ्यांचं रुग्णालय गाठा. तीन टोकांचा गळ असेल तर मोकळी दोन टोकं आधी कापा किंवा चिकटपट्टीत गुंडाळा, नाहीतर काढणाऱ्याच्या हातात जातात. आणि बोट बधिर वाटत असेल किंवा वाकत नसेल तर मी वर लिहिलेलं सगळं विसरा आणि दवाखान्यात जा.

राहिला नंबर. मुलाला 6 किंवा 8 पुरे. आकडा वाढतो तसा गळ बारीक होतो, पण 1/0, 2/0 असं लिहिलेलं दिसलं की तिथून उलटं, मोठा होत जातो, दुकानात हे नीट बघून घ्या. आणि दुकानदार दोन गळांची तयार जोडणी हातात ठेवेल, ती परत द्या. मुलाच्या तंगुसाला एकच गळ बांधा.