तेल शुद्धीकरण कारखान्यातील सहवीजनिर्मिती केंद्र: नोकरी स्वीकारावी का?

सप्रेम नमस्कार.

आपल्या कन्येला, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षात असतानाच, एका तेल शुद्धीकरण कारखान्याच्या गॅसवर चालणाऱ्या सहवीजनिर्मिती केंद्रात (जेथे एकाच इंधनातून वीज आणि वाफ दोन्ही मिळवतात) प्रशिक्षणार्थी अभियंता म्हणून नेमणूक मिळाली आहे, आणि दाभोळच्या गॅसवरील वीज प्रकल्पाची गत पाहता तिने त्यापेक्षा हिंजवडीतील सॉफ्टवेअरची नोकरी धरावी, असे आपण चिंचवडहून लिहिले आहे. काळजी रास्त आहे. तुलना मात्र बरोबर नाही.

दाभोळचा १,९६७ मेगावॉटचा प्रकल्प वीज विकण्यासाठी उभारला गेला. गॅस मिळेनासा झाला किंवा महागला की अशा प्रकल्पाची वीज कोणाला परवडत नाही आणि संच बंद ठेवावे लागतात. शुद्धीकरण कारखान्याला मात्र विजेइतकीच, किंबहुना अधिक, गरज वाफेची असते. तेथे गॅस टर्बाइनमधून बाहेर पडणारे, साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानाचे वायू थेट चिमणीत न सोडता बॉयलरमध्ये वळवून त्यांच्या उष्णतेवर वाफ तयार केली जाते. एकटी टर्बाइन इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच विजेत उतरवते. वाफ धरली तर हा उपयोग ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जातो. कच्च्या तेलाचे घटक तापवून वेगळे करणारे ऊर्ध्वपातन मनोरे, वाफेवर फिरणारे पंप आणि कॉम्प्रेसर, जड तेल वाहते ठेवणाऱ्या नळ्या, हे सारे त्या वाफेवर चालते. वीज ग्रिडमधून घेता येते, वाफ दूरवरून आणता येत नाही. आपल्याकडील साखर कारखाने बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, हेच करतात, फक्त त्यांना गाळप हंगामाची मर्यादा असते.

धोका आहे, पण तो वेगळा. कॅलिफोर्नियातील कर्न रिव्हर हे तेलक्षेत्र १८९९ मध्ये सापडले. तेथील तेल इतके घट्ट, की जमिनीत वाफ सोडून ते पातळ करावे लागते, आणि त्यासाठी १९८० च्या दशकात ३०० मेगावॉटचे गॅसवरील सहवीज केंद्र उभारण्यात आले. अशा केंद्राचे आयुष्य तेलाच्या कामाला बांधलेले असते. म्हणून केंद्राच्या क्षमतेपेक्षा कारखान्याच्या विस्ताराची चौकशी अधिक करावी.

तेल उद्याही याच प्रमाणात लागेल, असे मी म्हणणार नाही. तथापि बॉयलर, बॉयलरसाठीच्या पाण्याची प्रक्रिया आणि टर्बाइनची देखभाल हे शिक्षण रसायन, औषध, कागद आणि अन्नप्रक्रिया उद्योगांतही चालते. अनुभवाची अट पूर्ण झाल्यावर तिला बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षाही देता येईल, आणि ते प्रमाणपत्र हाती असले की घरी परतण्याची वाटही मोकळी राहते: चिंचवडची थरमॅक्स आणि कासारवाडीची फोर्ब्स मार्शल या कंपन्यांचे काम याच विषयाचे आहे.

पाळीचे काम तिला मानवेल का, हे तिलाच ठरवू द्यावे. मुलाच्या बाबतीत आपण कदाचित हा प्रश्न विचारलाही नसता. माझे मत होकाराकडे झुकते. मात्र नेमणूक कारखान्याच्या आस्थापनेवर आहे की कंत्राटदाराकडे, प्रत्यक्ष संचालनात काम मिळणार की केवळ नोंदी ठेवण्याचे, आणि रात्रपाळीच्या वाहतुकीची व्यवस्था कोणाची, हे नियुक्तीपत्रात स्पष्ट नसेल तर स्वीकृती कळवण्यापूर्वी तिने लेखी विचारून घ्यावे.