डिसेंबरात मनालीला बर्फ मिळेल का?

प्रश्न: डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई आणि पोरांना घेऊन मनालीला जायचंय. एजंट म्हणतो बर्फाची गॅरंटी. खरं का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: गॅरंटी आधी लेखी मागा, मग बघा चेहरा! मनाली साधारण २०५० मीटरवर, गावातच बर्फ हवा तर डिसेंबरअखेर किंवा जानेवारी बरा, त्याआधी पडला तर नशीब. सगळा खेळ पश्चिमी विक्षोभांचा, म्हणजे भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानवरून सरकत येणाऱ्या ढग-वाऱ्यांच्या सिस्टीम्स, त्या हिमालयाला धडकल्या की वर बर्फ आणि खाली नुसता गार पाऊस, आणि त्यांचा खरा जोर जानेवारी-फेब्रुवारीत असतो.

पण हजार मीटर वर चढलात की तापमान सहा-साडेसहा डिग्रीने उतरतं, त्यामुळे अटल टनेलमधून पलीकडे सिस्सू या जास्त उंचावरच्या गावाला चक्कर मारा, तिथे चान्स जास्त. रोहतांगची खिंड (३९७८ मीटर) तोवर बहुतेक बंदच असते, त्यासाठी पैसे भरू नका.

सकाळी रस्त्यावर काचेसारखा पातळ बर्फ असतो, दिसतच नाही, गाडी सरळ घसरते, म्हणून ड्रायव्हर लोकलच घ्या आणि ऊन वर आल्यावरच निघा. सासूबाईंना ग्रिपवाले बूट, शाली कितीही चालतील.

महिनाभर आधीच्या अंदाजावर बुकिंग करू नका, निघायच्या चार-पाच दिवस आधी हवामान खात्याचा हिमाचलचा अंदाज बघा. (आपल्या शिवाजीनगरचं सिमला ऑफिस त्याच खात्याचं बरं का, १९२८ मध्ये मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं होतं.) आणि तिकिटं कॅन्सल होतील अशीच काढा.